सहीच्या आधी दोन ठोके

मी एक जुनी लाकडी हातोडी आहे. जुनी म्हणजे वयाने, निकामी नव्हे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मध्यंतरी मला काचेच्या कपाटात ठेवून खाली पाटी लावण्यात आली होती, 'पूर्वीची तपासणी पद्धत'. मित्रांनो, धडधाकट माणसाला पहिल्या रांगेत बसवून त्याचीच शोकसभा भरवावी, तसे मला त्या कपाटात वाटले.

हातोडी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे खिळे येतील. मी जन्मात एकही खिळा ठोकलेला नाही. माझे डोके तुमच्या अंगठ्याएवढे आणि दांडा पेन्सिलीहून थोडा जाड. कारखान्यात साचे बनवणाऱ्या सुतारकाकांनी एका मोडक्या स्टुलाच्या पायातून मला घडवले. त्यांनी मला तीनदा तासले, दर वेळी भाजलेल्या मातीवर वाजवून पाहिले आणि नाक मुरडले. चौथ्या वेळी मात्र मान डोलावली आणि मला माल तपासणाऱ्या अक्काच्या हातात दिले. स्टुलाच्या उरलेल्या तीन पायांचे काय झाले ते मला ठाऊक नाही. आम्हा भावंडांत नशीब माझेच फळफळले.

आमचा कारखाना छत्र्यांचा. पावसात धरायच्या नव्हेत. विजेच्या खांबावर तार जिथे टेकते तिथे चिनी मातीची, तपकिरी, चकचकीत वस्तू तुम्ही पाहिली असेल. पुस्तकात तिला इन्सुलेटर म्हणतात. एकाखाली एक दोन छत्र्या उघडाव्यात तसा तिचा आकार असतो, म्हणून आमच्याकडे सगळे तिला छत्रीच म्हणत. तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून ती मध्ये ठाण मांडून बसते. छत्री धड असेल तर सारे सुरळीत. तिला आतून तडा असेल तर दमट हवेत वीज त्या वाटेने खाली उतरू शकते, आणि खांबावर चढलेल्या माणसाला ते कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हा तडा दिसत नाही, हीच तर खरी गोम आहे. भट्टीत वरची झिलई वितळते, पसरते आणि आतली फट झाकून टाकते. अशी छत्री दिसायला चारचौघींपेक्षा देखणी असते. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. पण तिच्यावर मी अलगद पडले की तिचे बिंग फुटते. धड छत्री खणखणते आणि तडकलेली बद्द वाजते. एवढे दोनच आवाज मला कळतात, आणि त्या दोन आवाजांवर मी सव्वीस वर्षे ताठ मानेने जगले.

अक्काला कारखान्यात सगळे अक्काच म्हणत, मालकसुद्धा. भट्टीतून माल निवला की तो आमच्या लांब टेबलावर येई. अक्का छत्री डाव्या हाताच्या बोटांवर अधांतरी धरी, कारण मुठीत धरली तर आवाज दबतो. मग दोन ठोके, एक कडेवर आणि एक मानेवर. खण वाजली की ती छत्री ओल्या फडक्याने पुसायची आणि उजवीकडच्या फळीवर ठेवायची. बद्द वाजली तर तशीच, धुळीसकट, डावीकडच्या टोपलीत. पुसायचे असे तिला कोणी सांगितले नव्हते. पास झालेल्या पोराचे तोंड पुसून त्याला बाहेर पाठवावे, एवढाच तिचा हिशेब. टेबलावर बाकीच्या तिघी होत्या, त्यांनीही तिचे पाहून तेच सुरू केले. हे फडके लक्षात ठेवा, कारण पुढे याच फडक्याने मोठा गोंधळ घातला.

दुसऱ्या कारखान्यांत म्हणे शंभरातल्या चार-पाच छत्र्या वाजवून बघत आणि बाकीच्या डोळे मिटून पाठवत. शितावरून भाताची परीक्षा. अक्काला ते पटत नसे. ती म्हणायची, भात कच्चा निघाला तर पोट दुखेल, इथे माणूस खाली पडतो. तिला हे बोलायचा अधिकार होता. तिचा धाकटा भाऊ वायरमन होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते, आणि तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा तो खांबांवर चढायलाच. कोणती छत्री कोणत्या खांबावर जाईल हे कुणालाच माहीत नसते. म्हणून अक्का प्रत्येक छत्री त्याच्याच खांबावर जाणार आहे असे धरून वाजवायची.

एकदा तिला सर्दी झाली आणि कानात दडे बसले. त्या दिवशी ती टेबलाकडे फिरकलीच नाही. मालक म्हणाले की माल तुंबलाय, तुम्ही नुसत्या बसा तरी. अक्का म्हणाली, "आज माझा कान बंद आहे. बंद कानाची बाई टेबलावर नको." पाच दिवस तिने झाडू मारला, पण मला हात लावला नाही. मला तेव्हा थोडा राग आला होता. आता त्याच गोष्टीचा अभिमान वाटतो.

कौतुकही झाले हो. एक गिऱ्हाईक माल बघायला आले होते, त्यांनी शंभर चांगल्या छत्र्यांत मुद्दाम सात तडकलेल्या मिसळल्या आणि अक्कापुढे ठेवल्या. तिने आठ बाजूला काढल्या. साहेब गालात हसले. अक्काने आठवी उचलून जमिनीवर आपटली, आणि तिच्या पोटात केसाएवढी काळी रेघ निघाली. त्या दिवशी मालकांनी स्वतःच्या हाताने मला तेल चोळले.

मग यंत्र आले. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात, तशातली गत. एका मोठ्या गिऱ्हाइकाला तिप्पट माल हवा होता, आणि चार बायकांनी कितीही ठोकले तरी तिप्पट माल तपासून होणार नव्हता. मालकांचीही पंचाईत मी समजू शकते. यंत्राबरोबर एक तरुण इंजिनीअर मुलगी आली. जाड भिंगाच्या चष्म्यामुळे बायकांनी पहिल्याच दिवशी तिचे नाव चष्मेवाली ठेवून टाकले. पोरगी गुणी होती. आमच्यातच बसून डबा खायची आणि अक्काला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायची.

तिने सांगितले की हे यंत्र फोटो बघून शिकते. उजव्या फळीवरच्या हजारो छत्र्यांचे फोटो दाखवून त्याला सांगायचे, या चांगल्या. डाव्या टोपलीतल्या हजारोंचे फोटो दाखवून सांगायचे, या वाईट. मग ते आपणच त्यातला फरक शोधून काढते. झिलईवर तड्याची काही ना काही खूण उमटत असणार, माणसाला दिसत नाही ती यंत्राला दिसेल, असा तिचा अंदाज होता. दोन महिने आम्ही मान मोडून ठोकत होतो आणि ती मान मोडून फोटो काढत होती. शेवटी परीक्षा झाली. त्याच फळीवरच्या आणि त्याच टोपलीतल्या दोनशे नव्या छत्र्या यंत्रापुढून गेल्या, आणि त्याने एकशे अठ्ठ्याण्णव अचूक ओळखल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्काने पण वाजवल्या. मी टेबलावर आडवी पडून होते.

दुसऱ्या दिवशी टेबल उचलले. दोघींना खोकी भरायला पाठवले आणि तिसरीला, जी काम करताना गुणगुणायची, तिला घरी बसायला सांगितले. त्यांच्या हातोड्या कुठल्याशा खणात गेल्या. मला मालकांच्या खोलीतल्या कपाटात, पाटीसकट, मानाचे पान मिळाले. शिवाय फोटो स्वच्छ यावेत म्हणून यंत्राच्या आधी पाण्याचे फवारे आणि गरम हवेचा झोत बसवला. आता प्रत्येक छत्री न्हाऊन-माखूनच कॅमेऱ्यापुढे जाऊ लागली.

अक्काला मात्र काढले नाही. उलट बढती दिली. चाकांची खुर्ची, समोर पडदा, पगारात वाढ आणि 'तपासणी अधिकारी' असे लांबलचक पद. मी कपाटातून, खोलीच्या खिडकीपलीकडे हे बघत होते आणि मला नवल वाटत होते. मग कारण कळले. मोठ्या गिऱ्हाइकाच्या कागदावर एका जबाबदार माणसाची सही लागत होती. यंत्राला हात नाही, आणि असता तरी उद्या काही बरेवाईट झाले तर यंत्राला कोण जाब विचारणार? तेव्हा काम यंत्राचे आणि नाव अक्काचे, अशी ती वाटणी होती.

पहिल्या आठवड्यात पडद्यावर हिरवे दिवे नुसते लखलखत होते. पूर्वी डावीकडची टोपली दुपारपर्यंत भरायची. आता चार दिवसांत तिच्यात दोन छत्र्या पडल्या. मालकांचे पाय जमिनीवर नव्हते. अक्का मात्र त्या रिकाम्या टोपलीकडे बघत राहायची. गुरुवारी ती मालकांच्या खोलीत आली आणि तिने विचारले, "भट्टी तीच, माती तीच, भाजणारा पण तोच. मग बद्द गेल्या कुठे?"

मालक हसले. यालाच सुधारणा म्हणतात, असे त्यांनी समजावले. अक्का परत टोपलीपाशी गेली. मी काचेआडून ओरडायचा प्रयत्न केला, पण ठोकल्याशिवाय मला आवाज नाही.

शनिवारी पहिली मोठी खेप निघायची होती. दारात ट्रक भरून उभा. मालकांनी अक्काला बोलावले आणि कागद पुढे केला. अक्का कमी शिकलेली, पण कागद वाचल्याशिवाय त्यावर बोट न टेकवणारी. तिने ओळीखाली नख फिरवत वाचले, 'यातील प्रत्येक नग मी स्वतः तपासला आहे.' आणि पेन खाली ठेवले.

"मी नाही तपासलेला," ती म्हणाली.

"तुमच्या पडद्यावर तपासलाय की."

"पडद्यावर दिवे बघितले मी. छत्री एकही ऐकली नाही."

मालकांनी घड्याळ पाहिले. "अक्का, ट्रक उभा आहे. सही म्हणजे एक रीत असते नुसती."

"नुसती रीत असेल तर तुम्ही करा."

मालकांनी पेन उचलले. मित्रांनो, मी हे काचेच्या आतून अगदी जवळून पाहिले. त्यांनी पेनाचे टोपण काढले, त्या ओळीकडे बघितले, आणि टोपण परत लावले. मग मात्र त्यांचा पारा चढला. हट्टीपणाची हद्द झाली, असे ते म्हणाले. सही करायची नसेल तर सोमवारपासून यायची गरज नाही, हेही म्हणाले.

अक्का घाबरली. उगाच शूर बाईची गोष्ट रंगवून सांगणार नाही. तिच्या हाताने पदराचे टोक घट्ट धरले होते आणि बोटे पांढरी पडली होती. भाड्याचे घर, भावाचे अजून लग्न व्हायचे, आणि या वयात तिला दुसरीकडे कोण ठेवणार? पांढऱ्यावर काळे करायला एक क्षण पुरला असता. मला भीती वाटली की ती करील. केली असती तरी मी तिला दोष दिला नसता, पण पुन्हा तिच्या हातात जावेसे मला वाटले नसते.

"बरं," ती म्हणाली. "पण जाताना माझी हातोडी नेते. ती कारखान्याची नाही. सुतारकाकांनी मला दिलेली आहे."

तिने कपाटाचे दार उघडले आणि मला उचलले. तिच्या तळव्याचा घाम माझ्या दांड्याला लागला, तेव्हा मला जे वाटले ते सांगता येत नाही. ती फाटकाकडे वळेल असे मालकांना वाटले असणार. ती सरळ ट्रकाकडे गेली. हमाल विडी विझवून उभे राहिले. तिने मागचे एक खोके उतरवायला लावले, एक छत्री बोटांवर धरली आणि मला वाजवले.

खण. खण. तिने सवयीने पदराने ती छत्री पुसली आणि बाजूला ठेवली. अशा सहा झाल्या. सातवी बद्द वाजली.

 मालक मागोमाग आले होते. ते म्हणाले की कानाला भासही होतो कधी कधी. अक्काने ती छत्री त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाली, "फोडा." त्यांनी पायरीवर आपटली. दोन तुकडे झाले आणि मधोमध ती काळी रेघ, मानेपासून थेट खालपर्यंत. त्या खोक्यात साठ छत्र्या होत्या. त्यातल्या चार बद्द निघाल्या. चारही यंत्राने हिरवा दिवा दाखवून पास केल्या होत्या.

चष्मेवाली धावत आली. तिचा चेहरा उतरला होता, पण ती पळून गेली नाही आणि तिने सबबीही सांगितल्या नाहीत. तुकडे हातात घेऊन ती पायरीवर बसली आणि अक्काला म्हणाली की तुम्ही थांबू नका, ठोकत राहा, मला बघायचंय. अक्काने पुढचे खोके घेतले. पोरगी एकटक बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "अक्का, चांगली निघाली की तुम्ही ती नेहमी पुसता?"

"पुसते की. पहिल्यापासून."

"आणि फुटकी?"

"तिला कशाला पुसू?"

चष्मेवालीने चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

आले ना लक्षात? तिने दाखवलेल्या फोटोंत प्रत्येक चांगली छत्री पुसलेली होती आणि प्रत्येक वाईट छत्री धुळकट. यंत्राने फरक शोधला, आणि त्याला सर्वांत सोपा फरक सापडला, तो धुळीचा. तड्याची त्याला गंधवार्ता नव्हती. परीक्षेच्या छत्र्याही आमच्याच टेबलावरून गेल्या होत्या, पुसलेल्या आणि न पुसलेल्या, म्हणून तिथे ते पहिल्या नंबराने पास झाले. नंतर फवारे बसले, सगळ्याच छत्र्या स्वच्छ झाल्या, आणि यंत्राच्या लेखी सगळ्याच चांगल्या ठरल्या. चार बायकांच्या एका मायेच्या सवयीने एवढे महाग यंत्र चकवले होते, आणि कुणाचा तसा हेतूही नव्हता.

मित्रांनो, माझा राग यंत्रावर नाही. ज्याच्या कानावर खण आणि बद्द कधी पडलेच नाही, त्याला काय बोलू? ते खोटे बोलले नाही. शिकवले तेवढे शिकले. माझा राग त्या कागदावर आहे, जो म्हणत होता की काम कोणीही करो, गुन्हेगार म्हणून नाव मात्र या बाईचे लिहा.

ट्रक रिकामा केला. सोमवारी मालक स्वतः अक्काच्या घरी गेले. तिने अटी घातल्या. टेबल परत हवे, तिघी परत हव्यात, आणि जिने ज्या छत्र्या ठोकल्या तिने तेवढ्यांपुरतीच सही करायची. मालकांनी दोन दिवस घासाघीस केली. टेबल आले, सहीची अटही मान्य झाली. दोघी परत आल्या. गुणगुणणारी मात्र आली नाही. तिने तोवर दुसरीकडे काम धरले होते आणि ती म्हणाली की ज्यांनी एका दिवसात उठवले, त्यांच्याकडे मी पुन्हा बसणार नाही. तिचेही खरेच आहे. तिची जागा अजून रिकामी आहे आणि टेबलाच्या त्या टोकाला फार शांत वाटते.

यंत्रही गेले नाही. झिलईवरचे डाग आणि कडेचे टवके ते अक्कापेक्षा चांगले टिपते, हे मी मान्य करते. तिचे डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. चष्मेवालीने पुढे टेबलाला एक छोटा मायक्रोफोन बांधला. या वेळी आवाज शिकवू म्हणाली, आणि या वेळी दोन्हीकडच्या छत्र्या सारख्याच पुसल्या जातात का, हे ती डोळ्यांत तेल घालून बघते. अक्काने तिला आडकाठी केली नाही. "शिकव," ती म्हणाली. "मी पण कुणाकडून तरी शिकलेच होते. पण त्याचं शिकून झालं की त्याच्या कामाखाली सही करायला मला बोलावू नकोस."

मालक तिथेच होते. ते जरा चाचरत म्हणाले, "आणि समजा ते तुमच्याइतकं चांगलं ऐकायला लागलं, तर?"

अक्काने मला खाली ठेवले. "ऐकू दे की. पण त्याला सर्दी झाली तर ते सांगेल का तुम्हाला, की आज माझा कान बंद आहे?"

 चष्मेवालीने वहीत तो प्रश्न लिहून घेतला.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या शेजारी अशी यंत्रे बसलेली असतील. त्यांना घाबरू नका आणि त्यांच्या पायाही पडू नका. त्यांना शिकवायची वेळ आली तर नीट शिकवा. पण कोणी तुम्हाला चाकांची खुर्ची देऊन म्हणाले की तुम्ही काही करू नका, फक्त इथे नाव लिहा, तर आधी त्या कागदावरची ओळ वाचा. ती खरी नसेल तर पेन खाली ठेवा. भीती वाटली तरी चालेल, अक्कालाही वाटली होती. आणि आमच्यासारख्यांची काळजी घ्यायची असेल तर आम्हाला तेल-पाणी करून काचेआड ठेवू नका. आम्हाला कामाला लावा. झिजून संपायला मी तयार आहे, पाटी लावून घ्यायला नाही.

त्या कपाटात आता ती फुटकी छत्री ठेवली आहे, काळी रेघ समोर येईल अशी. सही करायला येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो. तिच्याखाली पाटी नाही.

बरे, पुरे झाले माझे पुराण. भट्टी उघडली आहे आणि टेबल भरत आले आहे. अक्काचा भाऊ आत्ता कुठल्या तरी खांबावर चढत असेल. थोडा वेळ गप्प बसा पाहू, अक्काला ऐकायचे आहे.